दोन खणांची खोली

आमच्या आणि काकूंच्या परसांमध्ये कंबरेएवढी मातीची भिंत आहे. १९८३ साली वाड्याची वाटणी झाली तेव्हा ती पुरुषभर उंच होती. दोन चुलतभावांना एकमेकांचं तोंड दिसू नये एवढाच तिचा उपयोग. पण तिच्या माथ्यावर कौलं कुणी घालायची यावरून पुन्हा भांडण झालं, ती उघडीच राहिली, आणि वाईच्या चाळीस पावसाळ्यांनी तिला हळूहळू खाली आणली. आता ती दोन्ही घरच्या बायकांना कोपर टेकायला बेताची झाली आहे. काकू नात्यानं माझ्या चुलत सासूबाई. संध्याकाळी पाचला त्या वाळलेले कपडे काढायला येतात, मी कढीपत्ता तोडायला जाते. कढीपत्ता रोज लागतोच असं नाही.

"काय गं, सकाळी तो टेप घेऊन कोण हिंडत होता?"

"कंत्राटदार होता, काकू. मागची खोली नीट करून घ्यावी म्हणतेय. पोरगा दिवाळीनंतर पुण्याहून येतोय, सहा महिने इथूनच काम करणार म्हणतो."

"मग? किती सांगितले?"

"पावणेचार लाख."

काकूंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "एका खोलीचे? अगं, खोली करतेयस की मुंज?"

ही खोली म्हणजे आमच्या वाटणीतली सगळ्यात मागची. दोन खणांची. वाड्यात खोली फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. आमचा खण साडेपाच फुटांचा. तेव्हा लांबी अकरा फूट, रुंदी आठ, आणि डोक्यावरचा कडीपाट जेमतेम आठ फुटांवर. एक दार, एक खिडकी, मागच्या भिंतीला बारमाही ओल. आधी ती कोठीची खोली होती, मग बाळंतिणीची, मग अभ्यासाची, आणि गेली दहा वर्षं 'असू दे तिथंच'ची.

"यादी दिलीय का त्यानं? वाच बघू."

मी यादी आणून भिंतीवर ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून काकूंनी वर कपड्याचा चिमटा ठेवला. चारी भिंतींना सिमेंटचा गिलावा. वर पीओपी. फॉल्स सीलिंग, त्यात सहा दिवे. जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल. एका भिंतीला दोन फूट खोल प्लायवुडचं कपाट.

"आणि पोरगा कुठं बसणार?" काकूंनी विचारलं.

खरंच, ते यादीत नव्हतं.

काकू जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या. बांधकामाचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नसेल, पण आमच्या आळीत गेल्या पन्नास वर्षांत कुणी कुठली भिंत पाडली, कुणाच्या न्हाणीचं पाणी कुणाच्या देवघरात उतरलं, हे सगळं त्यांना तिथीवार पाठ आहे. त्यामुळे त्यांचा सल्ला नेहमी दुसऱ्याच्या घरावरून येतो.

"कोपऱ्यावरच्या मास्तरांचं बघितलंस ना? मातीची भिंत, तिला झकास सिमेंट थापलं. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्याला खालून पोपडे. मग मास्तरांनी काय केलं? तीन फुटांपर्यंत टाइल लावल्या, ओल दिसू नये म्हणून. तिसऱ्या वर्षी ओल चौथ्या फुटाला बाहेर! आता म्हणे पाच फुटांपर्यंत टाइल लावणार. करता करता घराची न्हाणी होणार मास्तरांच्या."

हसू आलं तरी त्यातलं कारण खरं आहे. आमच्या वाड्याच्या भिंती दोन फूट जाडीच्या. खाली काळा दगड, वर पांढरी माती आणि जुन्या चपट्या विटा. अशी भिंत जमिनीतलं पाणी शोषते आणि दोन्ही अंगांनी ते हवेत सोडून देते. तिचं ते रोजचं चालू असतं, आपल्याला कळतही नाही. वरून सिमेंट किंवा ऑइलपेंट बसला की बाहेर पडायची वाट बंद होते, पाणी आतल्या आत वर चढतं, आणि जिथं वाट मिळेल तिथं भिंतीतले क्षार घेऊन फुटतं. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. काकू म्हणाल्या, "पाणी येतंय पायातून, आणि मेल्यांनी रेनकोट घातला अंगात."

"मग पायातलंच थांबवायचं कसं?"

"आधी येतं कुठून ते बघ की. चल."

चल म्हणजे त्यांनी पदर खोचला आणि भिंतीच्या पडक्या कोपऱ्यातून सरळ आमच्या हद्दीत आल्या. वाटणीच्या कागदावर हा रस्ता नाही.

मागच्या बाजूला त्यांनी बोट दाखवलं. बोळाचं काँक्रीट. नगरपालिकेचं काम निघालं की जुन्या थरावर नवा थर पडतो. लग्न होऊन त्या इथं आल्या १९७४ साली, तेव्हा मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. आता एकच दिसते. बाकीच्या दोन जमिनीखाली आहेत, म्हणजे बाहेरची जमीन आमच्या आतल्या फरशीपासून एकाच पायरीवर येऊन ठेपली आहे. त्यावर भर म्हणून कौलांच्या पागोळ्या नेमक्या भिंतीच्या बुडाशी. पाऊस संपूर्ण चार महिने आमच्या भिंतीला पाणी घालतो आणि आम्ही आतून रंग लावतो!

या एका फेरीनं यादीतली पहिली ओळ खोडली गेली. आमच्या हद्दीत, भिंतीला लागून, हातभर रुंद आणि आतल्या फरशीच्या खाली जाईल एवढा चर खणायचा, तळाला उतार देऊन पाणी गटाराकडे काढायचं, वर नुसती खडी भरायची. सिमेंट नाही. आणि कौलांना पत्र्याची पन्हळ. एवढं सगळं नऊ हजारांत झालं. कंत्राटदाराच्या यादीत ओल घालवायला 'वॉटरप्रूफ केमिकल' म्हणून जी रक्कम होती ती याच्या चौपट होती, आणि ते तो आतून लावणार होता.

दुसऱ्या दिवशी कपाटाचा विषय निघाला.

"दोन फूट खोलीचं कपाट आठ फुटी खोलीत घातलंस तर उरलं काय?" काकू म्हणाल्या. "आणि ते हवंय कशाला? तुझ्या त्याच भिंतीत फडताळ आहे की."

"कुठं? भिंत सपाट आहे, काकू."

"सपाट केलीय. माझ्या लग्नात त्या फडताळातनं मी स्वतः आंब्याच्या लोणच्याची बरणी काढली आहे. नवी नवरी म्हणून कुणीतरी पुढं ढकललं, आणि बरणी एवढी जड की माझा चुडा वाढवला गेला असता. पुढं ७८ साली तुझ्या आत्तेसासूबाईंना बघायला पुण्याचे पाहुणे येणार होते. मामंजी म्हणाले, जुनाट दिसतं. फडताळ विटांनी बुजवलं, वरून पोपटी ऑइलपेंट. पाहुण्यांनी नकार दिला तो दिलाच."

मी घरात जाऊन लाटण्यानं भिंत वाजवत गेले. ठक, ठक, ठक, आणि मग एकदम ढब. पुन्हा वाजवलं. ढब. काकू खिडकीबाहेरून ओरडल्या, "तेच!"

इथं एक गणित सांगते. खोली अठ्ठ्याऐंशी चौरस फुटांची. तिची मागची भिंत अकरा फूट लांब आणि दोन फूट जाड, म्हणजे ती एकटीच बावीस चौरस फुटांवर उभी. खोलीच्या चौथाईएवढी जागा भिंतच घेऊन बसली आहे, आणि आपण खोलीत कपाट कुठं घालू म्हणून डोकं धरतो. जुन्या लोकांनी ही जागा वाया जाऊ दिली नव्हती. कोनाडे, फडताळं, दिवळ्या, खुंट्या, सगळं भिंतीच्या पोटात. आपण नंतर एकेक करून ते बुजवलं आणि लोखंडी कपाटं आणली. माझं मत विचाराल तर जुन्या घरात खोली मोठी करायचा स्वस्त उपाय हाच, की आधीच्यांनी काय काय झाकलं ते उघडायचं. मात्र नवं फडताळ कोरायच्या भानगडीत कुणी पडू नये. जुन्याच्या डोक्यावर लाकडी पाट बसवलेला असतो, वरच्या भिंतीचा भार तो पेलतो. आपण हौसेनं भोक पाडलं तर वरचा भार कुणावर जाणार?

गवंडी भुईंजकडचे, साठीच्या पुढचे. त्यांनी छिन्नीनं एकेक वीट काढली. आत तीन फूट रुंद, साडेचार फूट उंच, सव्वा फूट खोल फडताळ निघालं. सागवानी चौकट, दोन फळ्या. फळीवर कंदिलाची काच, अख्खी. एक १९७८ची दिनदर्शिका, पाण्यानं चिकटलेली. आणि चौकटीला चार बिजागऱ्यांपैकी तीन पितळी बिजागऱ्या, हिरव्या पडलेल्या पण फिरणाऱ्या. दारं नव्हती.

"दारं वाटणीत गेली," काकू भिंतीवरून म्हणाल्या. "एक झडप तुमच्याकडे, एक आमच्याकडे."

"फडताळाच्या दाराची वाटणी?"

"अगं, त्या वर्षी उखळ-मुसळाची झाली. उखळ आमच्याकडे आलं, मुसळ तुमच्याकडे."

आमची झडप माळ्यावर सापडली, तिच्यावर जुन्या गाद्या रचलेल्या. काकूंची झडप मात्र मी रोज बघत होते. गेली चाळीस वर्षं त्या तिच्यावर पापड वाळत घालत होत्या! दुसऱ्या दिवशी त्यांनी ती घासून, तेलाचा हात फिरवून भिंतीवरून इकडे दिली. वर म्हणाल्या, "पापडांना दुसरी फळी दे म्हणजे झालं." कंत्राटदाराच्या यादीतल्या फळ्या नुसत्या प्लायवुडच्या होत्या, ही सागाची आहे आणि तिला उडदाचा वास येतो.

आता माझी चूक सांगते, नाहीतर काकू सांगतीलच. चारी भिंतींवरचा तो पोपटी ऑइलपेंट काढायचा होता. खरवडायला वेळ लागतो म्हणून मी एका पोराला ग्राइंडर घेऊन बोलावलं. अर्ध्या तासात खोलीत पोपटी धुकं. ते खिडकीतून निघालं आणि सरळ काकूंच्या वाळवणावर जाऊन बसलं. काकू काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. रात्री फोनवर पोरगा ओरडला ते वेगळंच. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात ते दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला, आणि आमचा रंग १९७८चा. त्याची कोरडी धूळ उडवणं म्हणजे विष उडवणं, लहान मुलांना तर फारच वाईट. मग उरलेला रंग भिंत ओली करत, नाकातोंडाला मास्क लावून, पत्तीनं खरवडला. कचरा प्लास्टिकच्या कागदावर गोळा करून पिशवीत बांधला. सहा दिवस गेले. काकूंचे दोन किलो पापड मी भरून दिले.

गवंड्यांनी गिलावा चुन्याचा केला. एक घमेलं भिजलेला चुना, तीन घमेली वाळू, थोडी विटांची सुरखी. बाजारात चुन्याची तयार पावडर पोत्यात मिळते, पण त्यांना कळीचाच हवा होता. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, पिंप हात लावू देत नाही. तो पत्र्याच्या पिंपातच भिजवायचा, प्लास्टिकच्या बादलीत नाही, आणि जवळ वाकून बघायचं नाही. डोळ्यात थेंब गेला तर डोळा जायची भीती. गवंडीबुवांनी मलाच चष्मा लावून दहा हात लांब उभं केलं. चुन्याचा गिलावा सिमेंटसारखा चोवीस तासांत टणक होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश दगड होतो. पोरगा फोनवर विचारायचा, "झाली का भिंत?" गवंडीबुवा म्हणायचे, "झाली म्हणजे काय? ती अजून वर्षभर होत राहणार."

वरून चुन्याचेच तीन हात, त्यात डिंकाचं पाणी आणि नखभर नीळ. भिंत पांढरीशुभ्र दिसते ती निळीमुळे, हे मला सासूबाईंनी पांढऱ्या साड्यांच्या बाबतीत शिकवलं होतं. भिंतीलाही तेच लागू पडतं हे माहीत नव्हतं.

सीलिंगचं काय केलं म्हणाल तर काहीच नाही. आठ फुटांतला अर्धा फूट द्यायचा आणि वर सागवान झाकायचं, हे मलाही पटत नव्हतं. पण काकूंकडे त्याचीही एक गोष्ट होतीच. मधल्या आळीतल्या एका घरी फॉल्स सीलिंग केलं, गुलाबी दिव्यांचं. तीन महिन्यांनी वरून म्याँव म्याँव. मांजर सापडेना. घरातले कपाटं सरकवताहेत, कॉटखाली बॅटऱ्या मारताहेत. शेवटी इलेक्ट्रिशियननं एक दिवा खाली ओढला तर भोकातून पिल्लाचं तोंड. मांजरीनं माळ्याच्या फटीतून आत जाऊन तिथं चार पिल्लं घातली होती.

"मांजरीचं बरं," काकू म्हणाल्या. "पावसाचं पाणी म्याँव करत नाही. ते वर्षभर वर गळत होतं. सीलिंगचा तुकडा पडला तेव्हा कळलं."

कडीपाट उघडा असला की गळती त्याच दिवशी दिसते. आम्ही फक्त तुळयांची टोकं तपासली. तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं ओल धरते आणि तिथंच ती कुजते. मध्ये कितीही ठणठणीत दिसो. स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. आमच्या सातही कड्या घट्ट निघाल्या, एका ठिकाणी वाळवीच्या मातीची जुनी नळी होती, ती खरवडून औषध मारलं. सगळ्या लाकडाला जवसाचं तेल. बस.

मेणवली आमच्यापासून किती लांब? चालत गेलं तर तासाभरात. नाना फडणवीसांचा वाडा बघायला लोक लांबून येतात, 'स्वदेस'चं शूटिंग तिथं झालं तेव्हा तर अख्खी वाई लोटली होती. सिनेमावाल्यांना जुन्या भिंती आणि कडीपाट लागतात म्हणून ते गाड्या भरून येतात. आमच्या आळीत त्याच वर्षी दोन वाडे पाडले. असो.

जमिनीबद्दल काकूंचं बोलणं मला फार आवडलं. मी म्हटलं, "शहाबादी फार काळवंडली आहे, टाइल घालू का वरून?" तर त्या म्हणाल्या, "शहाबाद, कडप्पा, कोटा, मंगलोर. आपल्या घरात बसून माझं सगळं देशाटन झालंय." खरंच की. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची, ओट्याचा काळा कडाप्पा आंध्रातल्या कडप्प्याचा, काकूंच्या पडवीतला हिरवट कोटा राजस्थानातला, आणि कौलं मंगलोरी. ही कौलं करायचा पहिला कारखाना मंगलोरात बासेल मिशननं १८६५ साली काढला. आता नव्या टाइल गुजरातेतल्या मोरबीहून येतात. तेवढं एकच गाव काकूंचं बघायचं राहिलंय.

शहाबादी ठेवली. तिच्यावर टाइल चढवली की जमीन दीड-दोन इंच वर येते, मग दार घासतं, ते खालून कापावं लागतं, उंबऱ्याची उंची जाते, आणि एक खोली वर नि दुसरी खाली असं होऊन म्हातारी माणसं अडखळतात. त्यापेक्षा दरजा उकरून पुन्हा भरल्या आणि मशीननं पॉलिश केलं. पहिल्या घिशीतच खालून निळसर करडा रंग वर आला. चार हजार रुपये.

दाराचंही असंच स्वस्तात भागलं. अडीच फुटी दार आत उघडतं तेव्हा जवळजवळ पाच चौरस फूट जागा अडवतं, तिथं साधी खुर्चीसुद्धा ठेवता येत नाही. सुतारानं चौकटीवर बिजागऱ्यांची बाजू बदलून ते बाहेर, पडवीत उघडणारं केलं. टेबल आता त्या कोपऱ्यात बसलं. खिडकी होती तेवढीच ठेवली; फक्त तिच्याबाहेर उभी असलेली पाण्याची टाकी हलवली, आणि जाड भिंतीतल्या तिच्या तिरक्या बगला पांढऱ्या केल्या. आधी दुपारी दोनला दिवा लावावा लागायचा, आता साडेपाचपर्यंत लागत नाही.

पैसे सोडले ते वायरिंगवर, आणि ते सोडायलाच हवेत. जुनं वायरिंग लाकडी पट्टीवरचं, अर्थिंगचा पत्ता नाही. पोरगा लॅपटॉप, इन्व्हर्टर, पंखा आणि हिवाळ्यात हीटर लावणार. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्लगांना अडीचची, हीटरच्या प्लगाला चारची आणि वेगळी, नवीन अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी. साडेसतरा हजार. कंत्राटदारानं वायरिंगला नऊ धरले होते आणि सहा शोभेच्या दिव्यांना चौदा.

काकूंनी गेल्या वर्षी जिन्याखालचं न्हाणीघर करून घेतलं, त्याची आठवण त्या प्रत्येक विषयात आणतात, आणि आणावी अशीच ती आहे. चार फूट बाय सहा फूट. प्लंबर म्हणाला, "काकू, उतार दिलाय, बघा." काकूंनी तांब्याभर पाणी ओतलं, पाणी ऐसपैस मध्येच बसलं. त्यांनी फुटाला पाव इंच उतार मागितला आणि फरशी उखडायला लावली. मग टाइल लावायच्या आधी त्यांनी नहाणी ट्रॅपचं तोंड गोणपाट आणि प्लास्टिकनं गच्च बुजवलं, दारात विटांचा बांध घातला, आणि सगळी जमीन दोन इंच पाण्यानं भरून कडेला चोवीस तास राखण केली. बांधाजवळ खडूनं पाण्याची रेघ मारली होती. रात्री उठून बॅटरी मारून बघत होत्या. प्लंबर सकाळी आला, म्हणाला, "काकू, विश्वास नाही का?" काकू म्हणाल्या, "विश्वास आहे, पण पाण्यावर." रेघ दोन बोटं खाली गेली होती. बाहेरच्या भिंतीला ओल फुटलेली. कोपऱ्यात फट होती. ती टाइलखाली गेली असती तर पुढच्या पावसात मधली भिंत, म्हणजे आम्ही दोघी जिच्यावर टेकतो ती, उरलीसुरली बसली असती.

परवा मी हिशेब घेऊन भिंतीपाशी गेले. काकूंनी चष्मा लावला.

"वाच."

"चर आणि पन्हळ नऊ हजार. वायरिंग साडेसतरा. गवंडी हजार आणि हाताखालचा सातशे, नऊ दिवस, म्हणजे पंधरा हजार तीनशे. चुना, वाळू, सुरखी सहा हजार दोनशे. फरशी चार हजार. सुतार चार दिवस, बाराशेनं, चार हजार आठशे. टेबलाला वखारीतली जुनी सागवानी फळी साडेतीन हजार. सफेदीचं सामान अठराशे. एकूण ६२ हजार १००."

"आणि पापडाचे?"

"ते वेगळे दिले, काकू."

"मग ठीक." त्यांनी कागद घडी करून परत दिला. "त्या पावणेचार लाखवाल्याला काय सांगितलंस?"

"पुढच्या वर्षी बघू म्हटलं."

"तो पुढच्या वर्षी मास्तरांकडे लागेल. गवंड्याला मात्र सोडू नकोस, सोमवारी माझ्याकडे पाठव. आमच्या देवघराच्या भिंतीत काहीतरी ढब वाजतंय."

खोली अजून पुरी झालेली नाही, हे कबूल करते. फडताळाची आमच्याकडची झडप बसली, काकूंकडची एका बिजागरीवर लोंबते आहे. ती चौथी बिजागरी काही सापडत नाही. माळा झाला, उखळाखाली बघितलं, काकूंची पितळेची पेटी उपसली. बाजारात मिळते ती पातळ पत्र्याची, या लाकडाला टिकणार नाही. चार इंची, जाड पितळेची, एका बाजूला तीन भोकं असलेली जुनी बिजागरी कुणाच्या माळ्यावर, वाटणीत आलेल्या डब्यात पडून असेल तर वाईला निरोप धाडा. एकच हवी आहे.